साठ ओहम

(डॅशबोर्ड, जवळून)

चावी फिरवली. इंजिनाचा दिवा, ब्रेकच्या एबीएसचा, स्टिअरिंगचा. लागले ते लागलेच, विझायचं नाव नाही. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. पाच मिनिटांनी हीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होईल. मालक वैतागलेत ते त्यामुळेच. नवी बॅटरी टाकून झाली. दुसऱ्या एका ठिकाणी थेट ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, बदलायला सांगितलंय.

(गॅरेज, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर)

इथले इलेक्ट्रिशियन ईसीयूला अजून हात लावत नाहीत. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, त्यांनी स्कॅनर जोडलाय. एबीएस उत्तर देतंय, मीटर कन्सोलही देतोय. इंजिनाचा ईसीयू गप्प. एबीएसमध्ये कोड पडलाय, यू०१००: इंजिनाच्या ईसीयूशी संपर्क तुटला.

ईसीयू खराब झालाय, असं हा कोड म्हणत नाही. त्याचा निरोप पोचला नाही, एवढंच म्हणतो. त्याला सप्लाय नसेल, अर्थिंगची वायर सुटली असेल, वाटेत वायर तुटली असेल. एवढं न तपासता पार्ट बदलला, की चांगला ईसीयू भंगारात जातो आणि बिल मालकाच्या माथी बसतं.

(वायरिंगचा जुडगा, पीळ घातलेली जोडी)

पूर्वी गाडीत प्रत्येक कामाला वेगळी वायर असे. इलेक्ट्रॉनिक्स वाढलं तसे जुडगे जाड होत गेले. बॉश कंपनीत १९८३ मध्ये यावर काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला 'कॅन' ही पद्धत जगापुढे आली. फक्त दोन वायरी, आणि त्यांच्यावर ईसीयूसारखे सगळे कंट्रोलर. एकाने निरोप सोडायचा, दवंडी पिटल्यासारखा. ज्याला हवा त्याने घ्यायचा. निरोप जाताना एका वायरीचं व्होल्टेज अडीचवरून साडेतीनला चढतं, त्याच क्षणी दुसरीचं दीडला उतरतं. कंट्रोलर वाचतात तो या दोघींमधला फरक. बाहेरून गडबड आली, तर पिळामुळे ती दोन्हींवर जवळपास सारखीच चढते आणि फरक तसाच राहतो. हा पीळ लक्षात ठेवा.

(मल्टिमीटर)

ईसीयूला सप्लाय येतोय, अर्थिंग पक्कं आहे. आता बॅटरीची निगेटिव्ह काढली. सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर प्रोब. या दोन वायरींच्या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा पार्ट, असतो. दोन्ही समांतर, म्हणून मीटरने निम्मे, म्हणजे ६० दाखवायला हवेत.

साठच आहेत.

घाईचा माणूस इथे म्हणेल, वायरिंग ठीक आहे, ईसीयूच गेलाय. हे मात्र प्रोब तसेच धरून बसलेत. बॉनेटखाली हाताखालचा पोरगा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वीतभर, वीतभर हलवत पुढे सरकतोय.

"हलव. अजून जरा खाली. थांब!"

६०... १२०. पुन्हा ६०.

एका टोकाचा रेझिस्टर मधेच लाइनमधून सुटतोय. ईसीयूकडे जाणारी वायर तिथेच कुठेतरी तुटायला आलीय.

(बॅटरीचा ट्रे काढताना)

ट्रेखाली हार्नेस लोखंडी ब्रॅकेटवर घासत होता. टेप फाटलीय, एका वायरीचं प्लॅस्टिक सोललंय. पाणी शिरून आतलं तांबं हिरवं पडलंय. बोट लावलं की भुगा होतोय. उरल्यात दोन-तीन तारा.

हिरवं तांबं संपेपर्यंत वायर मागे कापली. लाल, चकचकीत तांबं लागल्यावरच सोल्डर. त्यावर स्लीव्ह, गरम करून आवळलेली. मग हाताने पुन्हा तोच पीळ. हे काम सावकाश बघा. दोन वायरी मोकळ्या सोडून वरून टेप गुंडाळणारे पुष्कळ आहेत.

आता हार्नेस ओढा, हलवा. मीटर साठवरून हलत नाही. बॅटरी जोडली, व्होल्टेजची रेघ दाखवणारा स्कोप लावला: वरची रेघ साडेतीनला, खालची दीडला, स्वच्छ. स्कॅनरवर ईसीयू बोलला, कोड पुसले. गाडी सुरू झाली.

चालत्या गाडीत हा संपर्क तुटला तर स्टिअरिंग जड होऊ शकतं. मालकांनी ते घाटात अनुभवलंय.

हार्नेस आता नव्या क्लिपने ब्रॅकेटपासून दोन बोटं लांब बांधलाय. ईसीयू जुनाच आहे.