ट्रान्झिट कॅम्पमधला कढीपत्ता

(निवेदन)

मुंबईत कुठल्याही मराठी ख्रिस्ती घरात जा, भायखळ्यात जा, मालाडला जा, भांडुपला जा, भिंतीवर वचनांचं कॅलेंडर असतंच आणि त्यातल्या एका तरी पानावर यिर्मया संदेष्ट्याचं ते वचन हमखास सापडतं, अध्याय २९, वचन ११. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते भल्याचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत, असं देव तिथे म्हणतो. लग्नाच्या पत्रिकेवर हे वचन असतं, दहावी पास झालेल्या पोराच्या स्टेटसला असतं, आणि कोणाचं ऑपरेशन असलं की आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी ना कोणी पाठवतंच.

पण ते वचन ज्या पत्रात आहे ते पत्र अख्खं वाचणारे कमी, आणि खरं सांगायचं तर सगळी गंमत त्या पत्रातच आहे.

(दृश्य: उघडं पवित्र शास्त्र, पानावर पेन्सिलच्या खुणा)

ख्रिस्तपूर्व ५९७ ची गोष्ट. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमच्या लोकांना धरून नेलं, राजा नेला, सरदार नेले, कारागीर नेले, लोहार नेले. परकं शहर, परकी भाषा, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच, घरी कधी जायचं. इकडे यरुशलेममध्ये हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना सांगत सुटला होता की २ वर्षं थांबा, सगळे परत येतील. ऐकायला किती बरं वाटलं असेल. आणि यिर्मया पत्र लिहितो की नाही, ७० वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेचसे तोवर जिवंतही नसणार. मग तोपर्यंत करायचं काय? तर घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, पोराबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला आणलंय त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तरच तुमचं भलं होणार आहे. हे सगळं सांगून झाल्यावर मग ते कॅलेंडरवरचं वचन येतं.

आम्ही या व्हिडिओसाठी मुंबईत फिरलो ते हे पत्र डोक्यात घेऊनच. लोकांना विचारत होतो की विश्वासामुळे तुमच्या रोजच्या दिवसात नेमकं काय होतं. चमत्कार वगैरे राहू द्या, साधा सोमवार कसा जातो ते सांगा.

(दृश्य: ट्रान्झिट कॅम्पची गॅलरी, वाळत घातलेले कपडे)

या आजी मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. दारातच "सलाम" म्हणून आत घेतात, बसा म्हणतात, आणि तुम्ही नको म्हणायच्या आत चहा टाकलेला असतो. लग्न करून परळला आल्या, नवरा गिरणीत. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे काय झालं ते मुंबईतल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. नवऱ्याची नोकरी गेली ती गेलीच, मग आजींनी शाळेत शिपायाची नोकरी करून पोरं वाढवली. आता चाळ पाडलीय, टॉवर उभा राहतोय, आणि आजी ट्रान्झिट कॅम्पमध्ये. बिल्डर सांगतो पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी आला की परत सांगतो पुढच्या वर्षी. मजल्यावरचे बरेच लोक अजून खोकी पूर्ण उघडत नाहीत, म्हणतात कशाला मांडामांड, जायचंच आहे ना.

आजींनी पहिल्याच महिन्यात रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता लावला. आता तो गॅलरीच्या कठड्याच्या वर गेलाय आणि मजल्यावरच्या निम्म्या घरांची फोडणी त्याच्यावर चालते. आम्ही यिर्मयाच्या पत्राचा विषय काढला तर म्हणाल्या, "अरे मला माहितीय ते, बागा लावा म्हणून सांगितलंय ना, मग मी लावली." इतकं सरळ. आम्ही मात्र त्यांच्याकडे बघतच राहिलो, कारण आम्ही त्या वचनावर केवढी चर्चा करून आलो होतो.

आजींकडे एक शंभर पानी वही आहे, तिच्यात प्रार्थनेसाठी नावं लिहिलेली. स्वतःची मुलं-नातवंडं पहिल्या पानावर, आणि मग सगळा मजला. खालची ताई, तिच्या पोराचा इंटरव्ह्यू. शेजारचे काका, डायलिसिस. कोपऱ्यातल्या खोलीतली नवी सून, दिवस गेलेत. ही माणसं चर्चला जाणारी नाहीत, कोणाच्या घरात गणपती बसतो, कोणी नमाज पढतं, पण स्वतः येऊन सांगतात, आजी माझं नाव लिहा. पहाटे पाणी यायच्या आधी आजी वही उघडून बसतात आणि एकेक नाव घेतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपली आता गरज राहिली नाही असं वाटायला लागतं ना, ते दुखणं फार वाईट असतं, औषध नसलेलं. आजींना ते झालेलं नाही, कारण त्यांना रोज पहाटे काम आहे आणि ते काम त्यांच्याइतकं मनापासून करणारं दुसरं कोणी त्या मजल्यावर नाही.

(दृश्य: माहीम, बुधवार, चर्चबाहेर मेणबत्त्या आणि फुलांचे स्टॉल)

बुधवारी माहीमवरून बसने जाणाऱ्यांना हे माहीत असतंच, ट्रॅफिक अडकतो, कारण सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची ठरलेली प्रार्थना, असते. निरंतर साहाय्य करणाऱ्या माउलीची, म्हणजे मरियेची, ही बुधवारची नोव्हेना इथे ८ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि दिवसभर वेगवेगळ्या भाषांत होते, मराठीतसुद्धा. लोक चिठ्ठ्या लिहून टाकतात, मागण्याच्या आणि आभाराच्या, आणि त्यातल्या काही वाचून दाखवतात. जॉब, घर, मूल, दारू सुटू दे, व्हिसा, लग्न जमू दे. कोणी म्हणेल ही काय भक्ती, नुसतं मागणंच चाललंय. मला नाही तसं वाटत. हजार माणसांमध्ये उभं राहून तुम्ही ऐकता की कोणाचा तरी नवरा घर सोडून गेलाय, कोणाचं तरी बाळ काचेच्या पेटीत आहे, आणि तुम्ही सगळे त्या अनोळखी माणसासाठी "आमेन" म्हणता. आपलं गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस जाताना दुसऱ्याचं थोडं घेऊन जातो. लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून वर्षानुवर्षं प्रवास करूनही हे घडत नाही.

लोकलवरून आठवलं. कवी नारायण वामन टिळक, आपले रेव्हरंड टिळक, त्यांची गोष्ट रेल्वेच्या डब्यातच सुरू झाली. नागपूरकडून राजनांदगावला चालले होते, डब्यात एक गोरा माणूस भेटला, बोलणं झालं, आणि त्याने नवा करार हातात ठेवला. टिळक वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला तो इथे मुंबईत. पुढचे दिवस सुखाचे होते असं समजू नका, घरदार तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई कितीतरी काळ वेगळ्या राहिल्या, मग हळूहळू त्यांचं त्यांनाच पटत गेलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे मुद्दाम सांगतोय, कारण आजकाल काही जण स्टेजवरून असं बोलतात की येशूकडे या आणि बघा, पुढच्या महिन्यात प्रमोशन, गाडी, फ्लॅट. मला त्याचा खरंच त्रास होतो. हनन्याचीच २ वर्षं ती. ज्याचं प्रमोशन होत नाही त्या बिचाऱ्याला मग वाटतं की माझाच विश्वास कमी पडला.

पंडिता रमाबाईंचं बघा. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहान मुलगी. या बाईने ११ मार्च १८८९ ला मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी, ज्यांचं तोंड बघणं लोक अपशकुन मानायचे. तिथे शिकलेली गोदूबाई म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई. नंतर काम पुण्याला आणि मग केडगावला गेलं, दुष्काळातल्या शेकडो मुली तिथे जगल्या, शिकल्या, हातांना काम मिळालं. रमाबाईंचं दुःख संपलं म्हणून हे झालेलं नाही, शेवटी १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमासुद्धा त्यांच्या आधी गेली. दुःख असताना झालं हे सगळं.

(दृश्य: माझगाव, माथारपाखाडीतली लाकडी घरं, वांद्र्याच्या गल्लीतला क्रूस, झेंडूचा हार)

जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी असे क्रूस दिसतात. यातले कितीतरी १८९६ च्या प्लेगच्या वेळचे. मुंबईतून लोक जीव घेऊन पळत होते तेव्हा मागे राहिलेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांनी हे क्रूस उभे केले, रात्री तिथे जमून प्रार्थना करायचे. आजही मे महिन्यात संध्याकाळी जपमाळ होते, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात, म्हाताऱ्या बायका पुढे आणि पोरं मागे मोबाईल खिशात घालून उभी, शेवटी उकडलेले चणे वाटतात आणि मग तासभर गप्पा. कोण आजारी आहे, कोणाकडे डबा पोहोचवायचा, हे सगळं तिथेच ठरतं.

वांद्र्याच्या मोतमाउलीच्या टेकडीवर सप्टेंबरात जत्रा भरते ती सगळ्या मुंबईला माहीत आहे, हात-पाय-घर-बाळ अशा आकारांच्या मेणबत्त्या घेऊन सगळ्या धर्मांचे लोक चढतात. पण त्याच टेकडीवर शांती आवेदना सदन आहे ते कमी लोकांना माहीत असतं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस, १९८६ मध्ये सुरू झालं. कॅन्सरचा ज्या पेशंटवर आता उपाय उरलेला नाही त्याला इथे ठेवतात, एक रुपया न घेता. दुखणं कमी करायचं, जखमा स्वच्छ करायच्या, भरवायचं, शेजारी बसायचं. पेशंट कुठल्या धर्माचा ते कोणी विचारत नाही. आशा म्हणजे बरं होणं एवढंच असेल तर त्या इमारतीत आशेला काही कामच नाही, आणि तरी तिथे रोज सकाळी चादरी बदलल्या जातात, केस विंचरले जातात. ख्रिस्ती माणूस पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो म्हणजे काय करतो, हे मला तिथल्या कामाबद्दल कळलं तेव्हा जरा कळायला लागलं. जे शरीर जाणार आहे त्यालासुद्धा तो फेकून द्यायची वस्तू समजत नाही.

(दृश्य: स्टेशनचा पूल, रात्री आठची गर्दी)

नर्सताई नाईटला निघाल्यात. मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलसारख्या मिशनच्या हॉस्पिटलांत नर्सिंग शिकून कितीतरी मराठी ख्रिस्ती मुली मुंबईत आल्या, या त्यातल्याच. पेशंट जास्त, हात कमी, पाय सुजतात. ड्युटीच्या आधी चेंजिंग रूममध्ये दोन मिनिटं डोळे मिटतात. काय मागता, विचारलं तर म्हणाल्या, "पहाटे चार वाजता पण माझा आवाज चढू नये, एवढंच मागते." मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायातलं "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन" हे त्यांचं आवडतं वचन, आणि त्या म्हणतात की विसावा मला ड्युटी संपल्यावर नाही, ड्युटीत लागतो.

आणि आता हा दादा, तिशीतला. कंपनीने एका मेलवर काढून टाकलं. घरात सांगितलं नाही, रोज डबा घेऊन निघायचा आणि वांद्रे रेक्लमेशनला बसून राहायचा. चर्चच्या क्वायरमध्ये गायचा, तेही सोडलं. क्वायरमधल्याच एका मित्राने घरी येऊन विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. पाळकांनी प्रार्थना केली आणि सोबत डॉक्टरकडेही नेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या मंडळीत अजून असे लोक आहेत ज्यांना डिप्रेशनची गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं वाटतं. तसं नसतं हो. कोणाला गरज असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा" असं लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, हे दादाला क्वायरमध्ये गाताना कधी लक्षात आलं नव्हतं. आता येतं. नोकरी आधीसारखी मिळालेली नाही, पगार कमी आहे, ईएमआयची ओढाताण आहे. पण चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचं गणित घ्यायला लागलाय, फी नाही. आम्ही विचारलं, आता आनंदी आहेस का, तर जरा विचार करून म्हणाला, "सकाळी उठल्यावर कोणाचा तरी विचार येतो, की आज याला हे शिकवायचंय. आधी फक्त माझाच यायचा." अजून दोन प्रश्न विचारायचे होते पण दहावीची पोरं येऊन बसली होती, एकाचं बीजगणित अडकलेलं, सोमवारी पेपर, त्यामुळे दादाने आम्हाला कॅमेरा बंद करायला सांगितला आणि खडू घेतला.