यालू नदीचा नकाशा आणि अर्धा पूल

श्रोतेहो, नमस्कार. आज यालू नदीचा जुना नकाशा वाचूया. एका काठावर चीनचं आंतुंग, म्हणजे आजचं दानदोंग. समोर उत्तर कोरियाचं सिनुइजू. वरच्या अंगाला सुपुंग धरण. १९४१ पासून तिथली वीज दोन्ही काठांच्या कारखान्यांना जायची. अमेरिकी लष्कराच्या नकाशाचं प्रमाण होतं अडीच लाखांस एक. एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. पुन्हा सांगतो, एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर.

नोव्हेंबर १९५०. कोरियन युद्ध चालू होतं, चिनी फौजा कोरियात उतरत होत्या. अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर यांनी यालूवरचे पूल उडवायचा हुकूम दिला. वॉशिंग्टनने तो थांबवला: सरहद्दीपासून पाच मैलांच्या आत बॉम्ब टाकायचे नाहीत. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, नकाशावर जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर. मग परवानगी मिळाली, पण पुलाच्या कोरियन टोकापुरती. विमानाने चीनची हद्द ओलांडायची नाही. आता पट्टी लावा. आंतुंग आणि सिनुइजू जोडणारा १९११ चा पूल ९४४ मीटर, म्हणजे कागदावर चार मिलिमीटरही नाही, आणि तोडायचा त्यातला कोरियाकडचाच भाग! सरहद्दीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी तिच्याखाली सव्वाशे मीटर नदी झाकली जाते. विमानांना पुलाच्या लांबीवरून येता येईना. नदीच्या अंगाने आडवं यावं लागे, आणि नेम धरायला पुलाची रुंदी तेवढी उरे. चिनी काठावरच्या तोफा मारा करत, त्यांना उत्तर द्यायची मनाई. तरी कोरियाकडचे गाळे पडलेच. चीनकडचे चार गाळे आजही उभे आहेत. शेजारचा १९४३ चा पूल दुरुस्त झाला, त्यावरून अजून रेल्वे जाते. पुढे थंडीत नदी गोठली, की बर्फच रस्ता झाला. नकाशात तिथे बारा महिने निळं पाणीच.

असा पूल मोजायचा तर पन्नास हजारांस एक प्रमाणाचा कागद घ्या. त्यावर तोच पूल जवळजवळ १९ मिलिमीटर भरतो. पण आधी समास, म्हणजे नकाशाच्या कडेची पट्टी, वाचा. मोजणी कुठल्या साली झाली, कुणाच्या नकाशावरून उतरवली, ते तिथेच असतं. छपाईचं साल वेगळं, मोजणीचं साल वेगळं. मोजणी धरणाआधीची असेल, तर जलाशयाच्या जागी नुसती दरी आणि गावं दिसतील. पुस्तकांत नकाशे छापताना हा समास कापून टाकतात, त्याचा मला मनापासून राग येतो. समासाविना नकाशा म्हणजे निव्वळ चित्र.

आणि प्रत झेरॉक्स किंवा स्कॅन असेल, तर अंकांतलं प्रमाण सोडून द्या. आकार बदलला की ते चुकतं. कागदाची कड पुलाला लावा, दोन खुणा करा आणि ती कड खालच्या रेषाप्रमाणावर, म्हणजे अंतरं आखलेल्या छापील पट्टीवर, ठेवा. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच लहानमोठं होतं.