उतारवयाची शिदोरी

[दृश्य : पडद्यावर दोन माणसांच्या शरीरांचे स्कॅन, शेजारी शेजारी.]

ही दोन शरीरं दोन डॉक्टरांची आहेत. एक लंडनचे जॉन युडकिन. दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआयचा आकडा दोघांचाही एकच आहे : २२.३. वजनकाट्याचं ऐकलं तर दोघंही सडसडीत, दोघंही निरोगी.

स्कॅन वेगळंच सांगतो. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांनी मिळून ही चित्रं छापली. एक जण मॅरेथॉन धावतो, दुसरा धावत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. आणि आणखी एक गोष्ट नोंदवली : याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं.

उतारवयावरची फिल्म आणि सुरुवात जन्माच्या वजनापासून? हो. शरीर कसं थकतं हे समजून घ्यायचं, तर ते कोणत्या पेशींचं, किती पेशींचं बनलं आहे हे आधी बघावं लागतं. आणि ती मोजणी आईच्या पोटात सुरू होते.

[दृश्य : पुणे जिल्ह्यातलं गाव, पहाट. चुलीपाशी भाकरी थापणारे हात.]

१९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत केईएमच्या संशोधकांनी एक मोठं काम हाती घेतलं. इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनचे शास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला होते. गावातल्या तरुण बायकांची नोंद त्यांना दिवस जाण्याच्याही आधीपासून ठेवायची, त्या काय खातात, किती राबतात हे टिपायचं, आणि मग बाळ जन्मलं की त्याला नखशिखान्त मोजायचं.

या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. घरचं सगळं उरकून शेतावर जाणाऱ्या बायका या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. साऊदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅम कमी. पण ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. दंड बारीक, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवरची, खांद्याखालची चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत. म्हणजे हाडकुळं दिसणारं बाळ आतून स्नायूंनी गरीब होतं, चरबीने नव्हे.

असं का होतं? गर्भाला पोषण कमी पडलं की जे मिळतं त्यातलं मेंदूला आधी पोहोचतं. स्नायूंच्या पेशी, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी, मूत्रपिंडातल्या गाळण्या, यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या तर जन्मानंतर नव्याने तयारच होत नाहीत. जेवढ्या घेऊन आलो तेवढ्यावरच सत्तरी-ऐंशी गाठायची.

ही मुलं मोठी होत गेली तशी पुन्हा पुन्हा तपासली गेली. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षीचा निकाल वाचताना मन अस्वस्थ होतं. जवळजवळ निम्मी मुलं वजनाने कमी होती, आणि तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर बिघडायला लागलेली होती. पोट सुटलेलं नाही, मिठाईच्या दुकानाशी फारसा संबंध नाही, वय अठरा. जो आजार आपण पन्नाशीचा समजतो, त्याची पावलं इथे उमटलेली होती.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकातून स्नायूची पेशी. लांबट तंतू, त्यात विखुरलेल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे कण.]

आता थोडं आत शिरू. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः कुठे जाते? स्नायूंत. स्नायू हे शरीराचं साखरेचं कोठार आहे. कोठारच लहान असेल तर साखर रक्तात रेंगाळते, स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडत राहतं, आणि उरलेली ऊर्जा चरबी होऊन यकृतात, आतड्यांभोवती साठते. पोटातली ही चरबी नुसती पडून राहत नाही. ती सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. कुठे जखम नाही, ताप नाही, पण मंद सूज वर्षानुवर्षं चालू. रक्तवाहिन्या, सांधे, मेंदू, सगळ्यांना ती झिजवते. इटलीतल्या क्लाउडियो फ्रान्चेस्की यांनी २००० साली म्हातारपणाशी तिचं नातं ठळकपणे मांडलं.

पेशींनाही आयुष्याची मर्यादा असते. १९६१ मध्ये फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची साधी पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागते आणि मग थांबते. थांबलेल्या सगळ्या पेशी मरत नाहीत. काही तशाच टिकून राहतात आणि आजूबाजूला तीच सूज पसरवतात. तरुणपणी शरीर त्यांना उचलून बाजूला काढतं. वय वाढलं की हे काम मागे पडतं.

[दृश्य : आठवडी बाजार. मेथी, चाकवत, अंबाडीच्या जुड्या.]

त्या सहा गावांकडे परत येऊ, कारण तिथे एक आशादायक गोष्टही सापडली. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा तिच्या ताटात पालेभाजी, दूध आणि फळं किती वेळा आली, याचा बाळाच्या वजनाशी जास्त जवळचा संबंध दिसला. भाकरीने पोट भरत होतं. पेशींना मात्र भाकरीच्या पलीकडचं काही हवं होतं.

त्या ‘काही’मधलं एक नाव आज महाराष्ट्रात बऱ्याच रक्ततपासण्यांत दिसतं : जीवनसत्त्व बी-१२. या अभ्यासातल्या आयांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींच्या रक्तात ते कमी होतं. बी-१२ जिवाणू तयार करतात, वनस्पती नाही. ते आपल्यापर्यंत येतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. नवीन पेशी घडवताना डीएनएची नक्कल काढायला ते लागतं. कोणतं जनुक चालू ठेवायचं, कोणतं बंद, याच्या खुणा डीएनएवर उमटवणाऱ्या रसायनसाखळीत ते लागतं. मज्जातंतूंवरचं आवरण टिकवायलाही लागतं. ते कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक साचतो.

ज्या घरात मासळी रोज शिजते तिथे हा प्रश्न सहसा उभा राहत नाही. पण शाकाहारी घरात, जिथे दिवसभराचं दूध म्हणजे चहापुरतं दूध, तिथे तो बऱ्याचदा असतो. मोठ्या पेल्याभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळतं. रोजची गरज दोनच्या पुढे आहे.

[दृश्य : घराच्या ओसरीवर काठी टेकून उठणारे आजोबा.]

साठीनंतर या प्रश्नाला नवा फाटा फुटतो. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि वयानुसार अनेकांचं आम्ल कमी होतं. त्यातच पित्तावरची गोळी वर्षानुवर्षं चालू असते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन बी-१२चं शोषण आणखी घटवते. मग पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, नावं आठवेनाशी होतात. घरात सगळे म्हणतात, वय झालं. आजोबाही तेच म्हणतात.

इथे आम्हाला कळकळीने सांगायचं आहे. ‘वय झालं’ हे निदान नव्हे. साध्या रक्ततपासणीत बी-१२ची कमतरता कळू शकते, आणि गोळीतलं बी-१२ अन्नात अडकलेलं नसल्यामुळे आम्ल कमी असलेल्यांनाही बहुधा लागू पडतं. गरज भासली तर डॉक्टर इंजेक्शन देतात. उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरून येत नाही, म्हणून मुंग्यांकडे दुर्लक्ष नको.

दुसरी तूट प्रथिनांची. तीही त्याच स्नायूंशी जोडलेली. उतारवयात स्नायूंच्या पेशी प्रथिनांच्या हाकेला उशिरा ओ देतात. तरुणपणी जेवढ्यावर भागायचं तेवढ्यावर भागत नाही. म्हणून ज्येष्ठांनी रोज वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच. साठ किलोच्या माणसाला ही प्रथिनं रोज साठ ग्रॅमच्या पुढे झाली.

आता ताट बघू. सकाळी चहा-बिस्किटं. दुपारी दोन पोळ्या, पातळ आमटी, भात. रात्री मऊ भात आणि थोडं दूध. हिशेब मांडला तर आकडा निम्म्याच्या आसपासच अडखळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात हेच दुखणं दिसतं. तृणधान्यांतून ४५ टक्क्यांपर्यंत ऊर्जा मिळावी असं ते सांगतं, प्रत्यक्षात आपण ५० ते ७० टक्के तिथूनच घेतो.

कारणं साधी आहेत. कवळी बसत नाही म्हणून उसळ सुटते. पोट फुगतं म्हणून डाळ सुटते. जोडीदार गेल्यावर एकट्यासाठी कशाला एवढा स्वयंपाक, म्हणून सगळंच सुटतं. या शेवटच्या कारणावर कोणतीही गोळी नाही. कुणीतरी सोबत जेवायला बसलं तर मात्र फरक पडतो.

वाट आपल्याच स्वयंपाकघरात आहे. घट्ट वरणाची वाटी, साधारण सात ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांचं कूट, तेवढंच. एक अंडं, सहा. चावता येत नसेल तर पिठलं, मुगाचं धिरडं, दह्यात कालवलेली भाकरी. कोकणात आणि गोव्यात बांगडा-तारलीचं कालवण आहेच. आणि हे एका जेवणात कोंबायचं नाही, दिवसभरात वाटून घ्यायचं.

[दृश्य : बागेत खुर्चीवरून उठबस करणाऱ्या आज्या.]

नुसतं खाऊनही भागत नाही. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना पायाने वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. आठ आठवड्यांत व्यायाम पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! चार वर्षांनी त्याच संशोधकांनी शंभर ज्येष्ठांवर पुढचा प्रयोग केला. ज्यांना फक्त पोषक पेय दिलं, त्यांची ताकद वाढली नाही. ज्यांनी व्यायाम केला त्यांची वाढली. स्नायूला काम मिळालं तरच तो अन्नाचा उपयोग करतो.

[दृश्य : देवळाबाहेर एकादशीची गर्दी. हातात टाळ.]

उपवासाचं काय? जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या स्वतःचेच भाग गुंडाळून आत ओढून घेत होत्या. एरवी पेशी असे भाग विरघळवून पुन्हा वापरतात. ऑटोफॅजी म्हणतात ती हीच. तिच्यामागची जनुकं शोधल्याबद्दल त्यांना २०१६चं नोबेल मिळालं. आपल्या पेशींतही हे चालतं : निकामी प्रथिनं, बिघडलेल्या तंतुकणिका लयकारिकांकडे, म्हणजे पेशीतल्या कचरा विरघळवणाऱ्या पिशव्यांकडे, पाठवल्या जातात. सतत खात राहिलं की हे काम मंदावतं.

पण यातून ‘जितका उपवास मोठा तितकं आयुष्य मोठं’ असा अर्थ काढणं घाईचं आहे. माणसात नेमके किती तास उपाशी राहिल्यावर किती फायदा, याचं ठाम गणित आज हातात नाही. शिवाय आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात पेशींच्या विश्रांतीसारखं काही नाही. आमच्या मते बहुतेकांना एवढं झेपेल आणि पुरेल : रात्रीचं जेवण लवकर, त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि आधीच खंगलेल्या ज्येष्ठांनी तेही डॉक्टरांना विचारूनच.

आणि तारुण्य टिकवण्याच्या बाटल्या? फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन आणि जीवनसत्त्व ई यांच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. पेशींचं रक्षण होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला : बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. गाजरातलं तेच द्रव्य, पण गाजराशिवाय आणि भलत्या मात्रेत. बी-१२सारखी सिद्ध कमतरता गोळीने भरून काढणं वेगळं, आणि कमतरता नसताना ‘अँटी-एजिंग’ म्हणून महागड्या कॅप्सूल गिळणं वेगळं. पेन्शनमधले पैसे दूध, डाळी, अंडी आणि फळांवर खर्च झाले तर ते जास्त कामी येतील.

[दृश्य : गावातलं आरोग्य केंद्र. रांगेत बसलेल्या तरुण आया, मांडीवर बाळं.]

त्या सहा गावांतली मुलं आता तिशीत आहेत. ती अठराच्या आसपास असताना, २०१२ मध्ये, केईएमच्या संशोधकांनी त्यांच्यापैकी काही मुलामुलींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायला सुरुवात केली. मुलींची लग्नं झाली, त्यांना बाळं झाली. बाळांची संख्या थोडी होती, पण बी-१२ मिळालेल्या आयांची बाळं दोन वर्षांच्या सुमाराला समज आणि भाषा यांच्या चाचणीत सरस ठरली. बदल एवढ्या लवकर सुरू करता येतो, याचा हा पुरावा.

१९९३ नंतर मोजलेली ती पहिली बाळं २०५५च्या आसपास साठीला पोहोचतील. त्यांचे स्नायू किती उरले, साखर कुठे पोहोचली, मज्जातंतू कसे आहेत, हे तेव्हा कुणीतरी पुन्हा मोजेल. त्यांच्या आयांनी गरोदरपणात किती पालेभाजी खाल्ली होती, त्याची नोंद आजही जपून ठेवलेली आहे.