दाखल नोंदवहीपासून संकेतस्थळापर्यंत

ही चित्रफीत एका वाचनालयाच्या संकेतस्थळाची गोष्ट सांगते. बेळगाव शहराच्या पश्चिमेला असलेल्या एका गावातील हे मराठी वाचनालय आहे. काचेच्या कपाटांत दिसणारी ही पुस्तके गावकऱ्यांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून जमत गेली. बेळगावात सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४८पासूनची आहे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव करणारे १९४६चे साहित्य संमेलनही याच शहरात भरले होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतरही मराठी वाचन जिवंत राहिले, त्यात अशा वाचनालयांचा वाटा फार मोठा आहे. मात्र या कपाटांत काय आहे, हे गावाबाहेरच्या माणसाला कळण्याची सोय नव्हती. म्हणून वाचनालयाने स्वतःचे संकेतस्थळ उभारायचे ठरवले.

कार्यकारिणीच्या टेबलावरचा हा कागद संकेतस्थळ बांधणाऱ्या डेव्हलपरला बोलावण्याआधी लिहिलेला आहे. संकेतस्थळ कोणासाठी, हा त्यातला पहिला प्रश्न होता. पुस्तक उपलब्ध आहे का हे घरबसल्या पाहणारा सभासद, नोकरीनिमित्त पुणे-मुंबईला गेलेला गावकरी आणि सीमाभागाचा अभ्यास करणारा संशोधक, असे तीन वाचक ठरले. कागदाच्या खालच्या भागात पहिल्या टप्प्यात काय करायचे नाही याची यादी आहे, आणि आमच्या मते हाच त्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. कारण काम चालू असताना सुचणारी प्रत्येक नवी कल्पना स्वीकारत गेले की खर्च वाढतो, मुदत लांबते आणि मूळ हेतू मागे पडतो. वर्गणी ऑनलाइन भरण्याची सोय आणि मोबाइल ॲप दुसऱ्या टप्प्यावर ढकलले गेले. पूर्ण पुस्तके स्कॅन करून सरसकट खुली करण्याची सूचनाही बाजूला ठेवली गेली, कारण आपल्याकडे सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क कायम राहतो.

आता पडद्यावर दिसते ती दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणारी वही. दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, किंमत असे तिचे रकाने आहेत. या पानावर ‘वि. स. खांडेकर’ आहेत आणि दोन पाने उलटली की ‘खांडेकर विष्णु सखाराम’ आहेत. वाचकाला हे एकच लेखक आहेत हे सहज समजते, संगणकाला मात्र ते सांगावे लागते. म्हणून ग्रंथपालांनी आधी लेखकांच्या नावांची प्रमाण यादी केली आणि प्रत्येक नोंद तिच्याशी जुळवली. १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार छापलेले असतात. मुखपृष्ठावरचे मूळ लेखन जसेच्या तसे ठेवून, आजच्या लेखनाने शोध घेतला तरी पुस्तक सापडावे यासाठी शेजारी दुसरा रकाना जोडला गेला. या कामाला अंदाजापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. मजकुराची तयारी ही संकेतस्थळाच्या वेळापत्रकातील सर्वांत मोठी बाब असते. तिला वेगळा वेळ आणि वेगळा जबाबदार माणूस हवाच.

वार्षिक अहवाल आणि स्मरणिका संगणकावर होत्या, पण जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या. त्या फॉन्टमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि त्यांना फक्त देवनागरी रूप दिलेले असते, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर निरर्थक दिसतो. युनिकोड या संगणकीय संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणणे ही अट करारातच घातली गेली. रूपांतरानंतरचा हा परिच्छेद नीट पाहावा : ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘क’ला सोडून एकटीच पुढे उभी आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, म्हणून हा घोटाळा होतो. रफारांचेही तसेच होते. मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचण्याला येथे पर्याय नाही.

पानांचा आराखडा, रंगसंगती आणि प्रत्यक्ष बांधणी त्यामानाने लवकर उरकली. प्रत्येक मराठी पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण लावली आहे. ती असली की काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने दाखवतात. वाचनालयाचा पत्ता आणि वेळ कन्नडमध्येही दिली आहे, कारण टपाल आणणारा, वीज दुरुस्त करणारा आणि उत्सुकतेने डोकावणारा शेजारी बहुधा कन्नड वाचतो.

चाचणीसाठी स्वयंसेवक खानापूर तालुक्यात जांबोटी आणि कणकुंबीपर्यंत गेले. घाटमाथ्यावरच्या पावसात, कमकुवत नेटवर्कवर, साध्या मोबाइलवर हे पान उघडताना दिसते आहे. पहिल्या पानावरचे मोठे छायाचित्र येथे अडकून बसले. ते लहान केले गेले आणि शोधाची चौकट सर्वांत वर आली. ज्येष्ठ सभासदांच्या सूचनेवरून अक्षरांचा आकारही वाढवला गेला.

संकेतस्थळ सुरू झाले आणि परगावच्या वाचकांकडून विचारणा येऊ लागली.

शेवटचे दृश्य कार्यकारिणीच्या बैठकीतील आहे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, वाचनालयाच्याच नावावर असेल, होस्टिंगचा, म्हणजे संकेतस्थळ जिथे ठेवले आहे त्या सेवेचा, पासवर्ड अध्यक्ष आणि कार्यवाह या दोघांकडे सीलबंद राहील, संपूर्ण मजकुराची एक प्रत दरमहा वेगळ्या डिस्कवर घेतली जाईल आणि वार्षिक नूतनीकरणाची रक्कम अंदाजपत्रकात कायम राखून ठेवली जाईल, असा ठराव इतिवृत्तात लिहिला जात आहे. नवीन पुस्तकांची नोंद दाखल नोंदवहीत होईल त्याच दिवशी ती संकेतस्थळावर करण्याची जबाबदारी सहायक ग्रंथपालांकडे सोपवण्यात आली आहे.