आधी हात, मग पाणी

सभासद मित्रहो, वार्षिक सभेच्या पत्रिकेत आजचा विषय 'दोन डायलिसिसमधलं पाणी' असा छापलाय. म्हणजे एका डायलिसिसपासून पुढच्यापर्यंत अंगात साठणारं पाणी. तिकडे येतोच. त्याआधी ज्यांच्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडलेली जागा, आहे त्यांनी तो हात डोक्याच्या वर धरा. हे मतदान नव्हे, सचिवांनी हात मोजू नयेत! मिनिटभर तसाच ठेवा आणि शिरेकडे बघा. खाली लोंबताना फुगलेली शीर आता चपटी व्हायला हवी. ज्यांची तशीच टम्म राहिली असेल, त्यांच्या शिरेत पुढे, खांद्याच्या बाजूला कुठेतरी वाट अरुंद झालेली असू शकते. डायलिसिसच्या येत्या पाळीला डॉक्टरांना हे करून दाखवा आणि डॉपलरबद्दल, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीबद्दल, विचारा.

आता हात खाली घ्या आणि दुसऱ्या हाताची बोटं टाक्यांच्या जागी अलगद टेकवा. मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तशी थरथर लागतेय? सिस्टर तिला थ्रिल म्हणतात. ती सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, अशी रोज दोनदा बघायची. एवढंच सांगायला आज इतका वेळ मागून घेतलाय. थरथरीऐवजी नाडीसारखा कडक ठोका लागला तर पुढे अडथळा आहे. थरथर मंद झाली तर टाक्यांपाशी वाट आवळलीय किंवा बीपी उतरलंय. काहीच लागत नसेल तर गुठळी झालीय असं धरून चाला. अशा वेळी चोळायचं नाही, शेकायचं नाही, पुढच्या पाळीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. पहिल्या एक-दोन दिवसांत गुठळी काढून फिस्टुला वाचण्याची आशा असते, पुढे ती झपाट्याने कमी होते.

या थरथरीचं मोल कळायला थोडं मागे जावं लागेल. 1960 साली अमेरिकेतले डॉक्टर स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या धमनीत आणि शिरेत कायम बसवल्या, त्यामुळे वारंवार डायलिसिस शक्य झालं. पण नळ्या कातडीबाहेर असायच्या. त्या तुंबत, निसटत, पिकत. 1966 मध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि शल्यविशारद अॅपेल यांनी मनगटाजवळची धमनी आणि शीर थेट एकमेकींना जोडल्याचं प्रसिद्ध केलं. बाहेरची कुठलीही वस्तू नाही, तुमचंच रक्त तुमच्याच शिरेतून जोरात वाहतं. सहा-आठ आठवड्यांत ती शीर जाड होते, रुंद होते, सुया सोसू लागते.

आणि आता तक्रार. ही शीर डायलिसिस लागण्याच्या कितीतरी आधी राखावी लागते, आणि नेमकी तेव्हाच तिची नासाडी होते. क्रिएटिनीन, म्हणजे किडनी कमी काम करू लागली की रक्तात वाढणारा पदार्थ, वर्षानुवर्षं चढत असतं. मध्येच तापासाठी भरती व्हावं लागतं, मनगटाच्या वरची सरळ, सोयीची शीर दिसते आणि सलाईन तिथेच लागतं. चार दिवसांनी ती दोरीसारखी घट्ट होते. वर्षभराने फिस्टुला करायला बसावं तर जोडायला शीरच नाही! मग मानेतल्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, आणि कॅथेटर म्हटलं की जंतुसंसर्गाची टांगती तलवार. म्हणून क्रिएटिनीन वाढलेल्या प्रत्येकाने सांगायला शिकावं: रक्त घ्या, सलाईन लावा, पण तळहाताच्या मागच्या बाजूला. दंडातून छातीपर्यंत जाणारी लांब नळी तर किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, घट्ट घड्याळ नाही, त्यावर डोकं टेकून झोप नाही. संस्थेने सदस्यपत्राबरोबर फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवायला याची ठळक पट्टी द्यावी, हा माझा ठराव समजा.

सुया दर वेळी त्याच इंचभर जागेत टोचू देऊ नका. तिथली भिंत पातळ होऊन फुगा येतो. जागा शिडीच्या पायऱ्यांसारखी वर-वर सरकवत न्यायला सांगा. सुई काढल्यावर दोन बोटांनी दहा मिनिटं दाबा, मधे उचलून बघू नका, पण थरथर थांबेल इतकंही दाबू नका. रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत नसेल तर ते सांगाच. आणि घरी अचानक धार लागली तर टॉवेल गुंडाळत बसू नका, रक्त आत मुरत राहतं आणि दिसत नाही. छिद्रावरच बोट घट्ट दाबा, हात वर धरा, मदत बोलवा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, म्हणजे पाणी पाच मिनिटांत. विषय बदललेला नाही, कारण फिस्टुला बंद पडायचं एक मोठं कारण म्हणजे मशीनवर उतरलेलं बीपी, आणि ते उतरतं फार पाणी घाईने काढल्यामुळे. पाणी काढायची मर्यादा साधारण अशी: वजनाच्या किलोला, तासाला 13 मिलिलिटर. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, 60 किलो असेल तर तासाला 780, चार तासांत तीन लिटरच्या जरा वर. तुम्ही चार किलो वाढवून आलात तर ते पाच तासांच्या जरा वरचं काम आहे. चारच तासांत ओढलं की पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी, आणि घरी गेल्यावर गार पडलेली शीर. तहान मिठामुळे लागते. आठ ग्रॅम मीठ जवळपास लिटरभर पाणी धरून ठेवतं, तेव्हा पाण्याच्या आधी मीठ तोडा. वजन रोज एकाच काट्यावर, एकाच वेळी. दोन दिवसांच्या खंडानंतर आकडा फार दिसला तर वेळ वाढवून मागा, लाजू नका. आणि वजन वाढलेलं नसताना बीपी पडत असेल तर ड्राय वेट नव्याने ठरवून घ्या, कदाचित अंगावर मांस चढलं असेल.

खजिनदार, आता ताळेबंद घ्या.