कसारा घाटात फुटलेला पाइप

श्रोतेहो, नमस्कार. गाडीच्या एसीचा पाइप फुटतो म्हणजे काय होते आणि तो दुरुस्त होत असताना मालकाने गॅरेजमध्ये उभे राहून काय पाहावे, हा आजचा विषय आहे. परंतु त्यासाठी आधी तुम्हाला माझ्यासोबत कसारा घाटात यावे लागेल.

मे महिन्यातली दुपार होती. शहापूरहून आत्याला घेऊन आम्ही नाशिकच्या लग्नघरी निघालो होतो. मागच्या सीटवर आत्या आणि तिच्या शेजारी हापूसची पेटी होती. आंबे उन्हाने उतरू नयेत म्हणून एसीचा पंखा चारवर ठेवण्याचा तिचा हुकूम होता. घाटात माल भरलेल्या ट्रकच्या मागे आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत असताना स्कूटरची ट्यूब फुटावी तसा आवाज झाला, पाठोपाठ लांबलचक फुसकारा आला आणि बॉनेटच्या फटींतून पांढरा धूर उसळला. ‘अरे, गाडी पेटली!’ आत्या ओरडली. सातपूरच्या कारखान्यात देखभाल विभागात वीस वर्षे काढलेला मी बॉनेट उघडून आधी पाण्याची बाटली आणि ती संपल्यावर थर्मासमधला चहासुद्धा त्या धुरावर ओतून मोकळा झालो!

जळका वास मात्र कुठेच नव्हता. तो धूर नव्हताच. पाइपमधून सुटलेला गॅस, त्यासोबत उडालेले तेल आणि हवेतली गोठलेली वाफ यांचा तो ढग होता. भर उन्हात पाइपच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोकावर पांढरे हिम धरले होते. मी कुतूहलाने बोट पुढे केले, तोच आत्याने हातावर चापटी मारली आणि नकळत माझी कातडी वाचवली, कारण बहुतेक गाड्यांत भरला जाणारा आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो आणि अंगावर किंवा डोळ्यांत उडाला तर थंडीनेच भाजतो. पुढचा प्रवास आम्ही एसी बंद करून, काचा उघड्या टाकून केला. आंबे लग्नघरी पोचेपर्यंत चांगलेच पिकले.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजवाल्याने फुटलेला तुकडा कापला, तिथे साधा रबरी पाइप घातला, दोन्ही बाजूंना क्लिपा आवळल्या आणि गॅस भरून दिला. तिसऱ्या दिवशी मुंबई नाक्याच्या सिग्नलला तो पाइप क्लिपेतून निसटला. तुमच्या गाडीच्या चाकात ३०-३२ पाउंड हवा असते. एसीच्या हाय प्रेशर पाइपमध्ये उन्हाळ्यात २०० ते २५० पाउंड दाब सहज असतो. तिथे बागेतल्या नळीची क्लिप काय टिकणार? त्या पाइपला आतून गॅस न झिरपू देणारे अस्तर लागते आणि टोकाची धातूची टोपी यंत्रावर चहूबाजूंनी सारखी दाबून, म्हणजे क्रिम्प करूनच बसवावी लागते.

शेवटी नाशिकमधल्याच अंबडला एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाइपला हातही न लावता विचारले, ‘साहेब, पुढचा पंखा फिरतो का?’ एसी चालू करून पाहिले, तर कंडेन्सरचा, म्हणजे तापलेला गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा गपगार. धावत्या गाडीत समोरून येणारी हवा कंडेन्सर थंड ठेवते, म्हणून हा दोष लपून राहिला होता. घाटात गाडी रांगू लागताच दाब चढत गेला. वास्तविक दाब फार वाढला की कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, बंद करणारा प्रेशर स्विच गाडीत असतो. मिस्त्रींनी त्याची वायर ओढून दाखवली, तेव्हा आधीच्या कुणीतरी तारेचा तुकडा जोडून तो ‘डायरेक्ट’ केलेला निघाला. बॅटरीच्या पत्र्यावर पाइप घासून चपटा झाला होता आणि त्या जागी धुळीचा काळा, तेलकट थर बसला होता. पाइपला धरून ठेवणारी रबरी क्लिप कधीच गळून गेली होती. पंखा, स्विच आणि क्लिप या तिघांनी मिळून तो पाइप फोडला होता.

  

आता गॅरेजमध्ये काय पाहावे, ते ऐका. नवा पाइप बसला की जोडावरच्या ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, नव्याच हव्यात आणि यंत्रणा उघडी राहिली असेल तर ओलावा शोषणारा फिल्टरही बदलावा. मग नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून गळती तपासतात; नायट्रोजनच, पुन्हा सांगतो, नायट्रोजनच. ऑक्सिजनच्या सिलिंडरला हात घालणाऱ्याला तिथेच थांबवा, कारण आतल्या तेलाशी तो स्फोट घडवू शकतो. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली सगळी हवा खेचून घेणे, हवे. व्हॅक्यूममध्ये आत राहिलेले पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून निघून जाते, एरवी ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस जिथून बारीक वाटेने सुटून गार होतो तिथे, गोठून बसते. पंप बंद केल्यावर मीटरचा काटा जागच्या जागी राहतो का, हे स्वतः पाहा. फुटताना उडालेले तेल त्याच जातीचे आणि मोजून परत घालावे लागते. गॅसही अंदाजाने नव्हे, बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिले असतील तितकाच, वजन करून भरावा. पाइप काढण्याआधी उरलेला गॅस हवेत सोडू नका, यंत्राने काढून घ्यायला सांगा. ओझोनला त्याचा धोका नसला तरी तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक जबर आहे.

आणि फुटलेला तुकडा मागून घ्या. तो मधोमध घासून फाटला असेल तर क्लिप शोधा. टोपीजवळ निसटला असेल तर क्रिम्पिंगबरोबरच इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ते रबरी आधार, तपासायला सांगा, कारण ढिल्या माउंटिंगवर डुलणारे इंजिन नव्या पाइपलाही तसेच हिसके देईल. नमस्कार.