खाली माग, वर घर

सोलापूरचा पूर्व भाग. गल्लीत खटखट चालू आहे म्हणजे खाली माग सुरू आहेत. वरच्या मजल्यावर राहतं घर, मध्ये एकच जिना.

पंख्याच्या पात्यावर, वायरींवर बसलेला हा पांढरा थर पाहा. सुताचं तूस. बोटानं ओढलं की कापसाच्या पट्टीसारखं सुटून येतं. मोटरच्या पेटीत सैल तारेची ठिणगी पडली, की आधी हेच पेटतं आणि छताखालून या टोकाचं त्या टोकाला जातं. टॉवेलचे गठ्ठे त्यानंतर पेट घेतात. घट्ट बांधलेला गठ्ठा आतल्या आत धुमसतो, धूर ओकत राहतो, आणि त्या धुराला वर घरात जायला जिनाच धुराडं होतो.

18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले.

आता ही खिडकीची जाळी. चोरासाठी बसवली, भिंतीत चारही बाजूंनी गाडली. बाहेरून शिडी लागली तरी कटर येईपर्यंत थांबायचं! याच जाळीत दोन बाय तीन फुटांचं उघडणारं दार वेल्डर करून देतो. कडी आतून, कुलूप नको. लावायचंच असेल तर किल्ली शेजारच्या खिळ्याला, पण बाहेरून हात पोचणार नाही अशी. रंगकाम झालं की बिजागरी चिकटते. तेल घालून उघडून बघायची. शटरला बाहेरून कुलूप घालून आत रात्रपाळी चालवणं मात्र बंदच करा.

रात्री धुराचा वास आला तर दाराला तळहाताची मागची बाजू लावा. गरम लागलं, तर उघडू नका. चादर ओली करून फटीत कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत या, बॅटरी हलवा. गार असेल तर गुडघ्यांवर, भिंतीला हात लावून निघा. मागचं प्रत्येक दार ओढून घ्या. पोराला कोण उचलणार, आजीला कोण धरणार, हे आजच ठरवा. दागिने, मोबाइल, कशासाठीच मागे फिरायचं नाही. 101 किंवा 112 ला फोन बाहेर आल्यावर, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. तोवर बाकीच्यांनी गल्लीतल्या गाड्या हलवायच्या, नाहीतर बंब कोपऱ्यावरच अडतो.

एकदा दिवे घालवून पलंगापासून जिन्यापर्यंत पावलं मोजा. या घरात चौदा भरली. अकराव्याला शिलाई मशिन पायात आली. ती आता आतल्या खोलीत गेली आहे.